‘आमच्या आयुष्यातील’ रमाबाई : माडीवरचा धडा आणि माजघरातील परीक्षा

कृष्णाकाठ

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक मी शाळेत असताना पहिल्यांदा वाचले, तेव्हा त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांचा संयम तेवढा मनात राहिला. लग्नानंतर पुन्हा वाचले, तेव्हा सासरच्या बायकांचा राग आला. यंदा तिसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष एका शब्दावर अडकले आणि त्या शब्दासाठीच हा धागा काढते आहे. रमाबाई आपल्या पतीचा उल्लेख जागोजागी ‘स्वतः’ असा करतात. कचेरीतून येतात ते ‘स्वतः’, आजारी पडतात ते ‘स्वतः’, रात्री अभंग म्हणत बसतात तेही ‘स्वतः’. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही त्या काळची रीत आपल्याला ठाऊक आहे आणि ‘इकडून’, ‘तिकडून’ हे प्रयोग आपण आजीच्या तोंडून ऐकलेले आहेत. पण ज्या शब्दाने माणूस आपल्याबद्दल बोलतो, तोच शब्द एका बाईने पतीसाठी राखून ठेवल्यावर तिच्या स्वतःसाठी कोणता शब्द उरतो, हा प्रश्न मला पुस्तक संपेपर्यंत सोडून गेला नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर आणि गाव देवराष्ट्रे. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. पुढे यशवंतराव चव्हाणही याच गावात जन्मले. कुर्लेकरांच्या घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत नव्हती. घराण्यातील एक स्त्री लिहायला-वाचायला शिकली आणि पुढे विधवा झाली, तेव्हापासून विद्या मुलीला लाभत नाही अशी समजूत त्या घरात घट्ट बसली होती. म्हणजे अकरा वर्षांची यमुना डिसेंबर १८७३ मध्ये पुण्यास लग्न होऊन आली ती नुसती निरक्षर नव्हती. अक्षर आणि वैधव्य यांची गाठ मनात घेऊन आली होती.

त्या लग्नाची हकीकत महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. माधवराव रानडे तेव्हा एकतिसाव्या वर्षी होते. त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली होती. विधवाविवाहाच्या चळवळीतील ते प्रमुख माणूस, त्यामुळे आता ते एखाद्या विधवेशीच विवाह करतील अशी मित्रांची अपेक्षा होती आणि नेमकी हीच धास्ती त्यांचे वडील गोविंदराव यांना होती. वडिलांनी घाईने मुलगी ठरवली. मुलाने विनवण्या केल्या, काही महिने थांबा म्हटले, पण वडिलांचा शब्द मोडून घर फोडण्याची तयारी त्यांच्या मनाची झाली नाही. लग्न झाले. त्या दिवशी ते कोणाशी धड बोलले नाहीत आणि खोलीचे दार लावून बसले. त्यांना जनलज्जेचे दुःख होते हे आपण नेहमी वाचतो. त्याच घरात, त्याच रात्री, अनोळखी माणसांत बसलेल्या त्या मुलीला काय वाटले असेल, याबद्दल मात्र फारच थोडे लिहिले जाते.

मुलीचे वडील गावी परतले, त्यानंतर माधवरावांनी तिला माडीवर बोलावून घेतले आणि मी कोण, माझे नाव काय, हे तुला माहीत आहे का, अशी विचारपूस केली. तिने नाव सांगितले. मग लिहिता-वाचता येते का, असे विचारून त्यांनी पाटी-पेन्सिल मागवली आणि ‘श्रीगणेशाय नमः’ ही सात अक्षरे गिरवायला दिली. हातात पेन्सिल कशी धरायची हेही जिला ठाऊक नव्हते, तिला ती सात अक्षरे काढायला दोन तास लागले. पंधरवड्यात बाराखडी आली. आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि चरित्रांतून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातील खरी अडचण झाकली जाते. मुलीला शिकायचे आहे का, असे कोणीही तिला विचारलेले नव्हते. लग्न वडिलांनी ठरवले, शिक्षण पतीने ठरवले. शिक्षण चांगले होते, हितासाठी होते, हे मी मनापासून मानते. तरी ती पाटी सुरुवातीला तिची नव्हती, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही.

पाटी तिची झाली ती माडीवर नव्हे, खालच्या मजल्यावर. रानड्यांच्या घरात सासूबाई, विधवा नणंद दुर्गाआक्का आणि इतर नातेवाईक बायका असा मोठा गोतावळा होता. शिकवायला प्रथम सगुणाबाई देव आणि पुढे इंग्रजीसाठी मिस हरफर्ड येऊ लागल्या, तेव्हापासून प्रत्येक धड्याची किंमत माजघरात वसूल होऊ लागली. ख्रिस्ती बाईंजवळ बसून धडा घेतल्यावर अंघोळ केल्याखेरीज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. वाचताना आवाज खाली ऐकू आला तर टोमणे. नवऱ्याने दहा गोष्टी सांगितल्या तर दोन कराव्यात, बाकीच्या कानाआड कराव्यात, म्हणजे त्याचा नाद आपोआप सुटेल, असा सल्ला. हा सल्ला देणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या, हे रमाबाईंच्या लिहिण्यातूनच कळते. दुर्गाआक्कांसारखी बाई ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाच्या घरी आयुष्य काढत होती. तिच्याजवळ प्रतिष्ठा म्हणून जे काही होते ते सोवळ्या-ओवळ्याच्या आणि घरच्या शिस्तीच्या आधाराने उभे होते. तिच्या डोळ्यांसमोर एका पोरीला पाटी, पुस्तक, सभा आणि नवऱ्याचे लक्ष असे सारे एकदम मिळत होते. तिचा राग मला आता पूर्वीसारखा एकेरी वाटत नाही.

या सर्वांत रमाबाईंनी वरच्या मजल्यावर जाऊन तक्रार केली नाही. सासरी निघताना वडिलांनी दिलेली शिकवण अशी होती की काहीही सोसावे लागले तरी सोसावे आणि सासरच्या माणसांविषयी चहाड्या करू नयेत. ती शिकवण त्यांनी शब्दशः पाळली. पण धडाही सोडला नाही. वरचे म्हणणे आणि खालचे म्हणणे या दोन्हींना ‘हो’ म्हणत दोन्हींतून आपली वाट काढणे हे त्यांचे खरे शिक्षण होते आणि ते त्यांना कोणीही शिकवलेले नव्हते.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. आमच्या रमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या. पंडिताबाईंच्या व्याख्यानांना जायचे आणि घरी परतल्यावर लुगडे बदलून मगच कोणाला शिवायचे, असे दिवस होते. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे या मागणीसाठी सभा भरली, तेव्हा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी स्त्रियांच्या वतीने इंग्रजीतून निवेदन वाचले. मसुदा पतीचा होता, आवाज त्यांचा होता. १८८४ मध्ये ते हायस्कूल उघडले. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. सभेत गव्हर्नरांसमोर न डगमगलेली ही बाई घरी आली, तेव्हा पुरुषांच्या मेळ्यात उभी राहून इंग्रजी बोलली म्हणून तिला जे ऐकावे लागले त्याने ती जेवली नाही. मला या पुस्तकातील हा संपूर्ण दिवस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, दुपार आणि रात्र दोन्ही मिळून.

पुस्तक १६ जानेवारी १९०१ या दिवशी, रानड्यांच्या मृत्यूशी, संपते. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या आणि पुढे १९२४ पर्यंत जगल्या. म्हणजे तेवीस वर्षे उरली होती, आणि ती अशी तेवीस वर्षे की त्यांत मुंबईची भारत महिला परिषद, स्त्रियांना शिकवणारे पुण्याचे सेवासदन, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची लढाई आणि मताधिकाराची चळवळ येते. १९१० साली पुस्तक छापले गेले तेव्हा यातील बरेचसे काम सुरू झालेले होते. त्याबद्दल त्यांनी त्यात काही लिहिले नाही. ‘आमच्या आयुष्यातील’ या शब्दांना त्या इतक्या प्रामाणिक राहिल्या की ‘आमचे’ संपले तेथे लेखणी थांबवली.

माझा प्रश्न असा आहे : रमाबाईंना रानड्यांनी घडवले हे वाक्य आपण सवयीने म्हणत आलो आहोत. ते पुरेसे आहे का?

जुनेदप्तर

लेख मन लावून लिहिला आहे, पण एका बाबतीत आपण रानड्यांना फार सहज सोडले असे मला वाटते. १८७३ मधील त्यांची माघार ही केवळ कौटुंबिक घटना नव्हती. ते विधवाविवाहोत्तेजक मंडळाचे पुढारी होते, पुढे सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ झाले, १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेच्या वेळी उपस्थित होते, मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. अशा माणसाने एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, त्याने चळवळीचे किती नुकसान झाले हे त्यांच्या मित्रांनी त्यांना तेव्हाच ऐकवले. पाटी-पेन्सिलीचा प्रसंग आपण ज्या भक्तिभावाने सांगतो, त्यात मला नेहमी असे दिसते की या मनुष्याने आपल्या मनाची टोचणी एका मुलीच्या शिक्षणात गुंतवली. त्याचा लाभ त्या मुलीला झाला, हे भाग्य.

दुसरी गोष्ट पुण्यातील ख्रिस्ती पंचहौद मिशनच्या चहाची. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमधील व्याख्यानाला जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली, गोपाळराव जोश्यांनी ती नावे छापून आणवली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. त्यात टिळकही होते आणि रानडेही. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. अडचणीत सापडलेल्या मित्राला एकटे पाडायचे नाही, हा त्यांचा हेतू होता, हे मान्य. पण सुधारकांच्या साऱ्या गोटाला त्याने खाली पाहावे लागले. या प्रसंगाचे वर्णन रमाबाईंनीही केले आहे. त्यात त्या आपल्या मनाला झालेला त्रास सांगतात आणि लगेच पतीच्या बाजूचे समर्थन देतात. मला आपल्याला विचारायचे आहे की संपूर्ण पुस्तकात त्या एकदाही पतीला स्पष्ट दोष देतात का? मला तरी तसे स्थळ सापडले नाही. आणि ज्या आत्मकथनात जवळच्या माणसाला एकही दोष नाही, त्यातून बाईचे मन किती कळते?

कृष्णाकाठ

आपला आक्षेप रास्त आहे आणि १८७३ बद्दल मी आपल्याशी सहमत आहे. परंतु दोष शब्दांनी दिला नाही म्हणजे दाखवलाच नाही, असे मला म्हणता येणार नाही.

एक प्रसंग पाहा. घरातल्या बायकांच्या दडपणामुळे रमाबाईंनी एकदा पतीच्या इच्छेविरुद्ध वागणूक केली. रानडे रागावले नाहीत. ते फक्त बोलेनासे झाले. रोजच्याप्रमाणे रात्री त्या तळपायांना तूप चोळायला बसल्या, वाचून दाखवू लागल्या, पण समोरून शब्द नाही. ओरडा खाल्ला असता तर बरे झाले असते, इतका तो अबोला त्यांना जड गेला, आणि त्यांनी तो सगळा तपशीलवार लिहून ठेवला आहे. कोण कुशीवर वळले, कोण किती वेळ बसले, डोळ्यांतून पाणी कधी आले, येथपर्यंत. आजची वाचणारी स्त्री हे पान वाचून रानड्यांना थोर म्हणेलच असे नाही. रमाबाईंनी निवाडा दिला नाही, साक्ष मात्र पुरी दिली. न्यायाधीशाच्या घरात राहिलेल्या बाईला साक्ष आणि निवाडा यांतला फरक कळत नसेल, असे मला वाटत नाही.

शिवाय आपण या पुस्तकाकडून जे मागतो ते १९१० साली कोणी दिले असते, याचाही विचार व्हावा. विधवेने पतीविषयी लिहिणे हेच धाडस होते. नामदार गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या काळच्या पुण्यात गोखल्यांची प्रस्तावना म्हणजे शिफारस जितकी, तितकेच संरक्षणही होते.

आणि त्यांच्या संसारात हसूही होते, हे विसरू नये. १८८६ मध्ये सरकारी फायनान्स कमिटीवर नेमणूक झाल्यामुळे रानडे कलकत्त्यास राहिले, तेव्हा रमाबाई बरोबर होत्या. रानड्यांनी बंगाली शिकायला घेतले. एके दिवशी रमाबाईंच्या कानावर बोलणे आले, पाहतात तर हजामत करून घेता घेता हायकोर्टाच्या योग्यतेचा हा माणूस न्हाव्याला बंगाली शब्दांचे अर्थ विचारतो आहे. त्यांनी थट्टा केली, तर दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले होते हे उत्तर मिळाले. पुढे रमाबाईही बंगाली शिकल्या. पाटी पहिल्या रात्री त्यांची नव्हती असे मी वर म्हटले. कलकत्त्यापर्यंत ती पुरती त्यांची झालेली होती.

गोदातीर

मी नाशिकचा असल्यामुळे येथील एक प्रसंग सांगतो, कारण धाग्यातील ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन मजल्यांच्या बोलण्याला तो थोडा छेद देतो.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. मोठा गोतावळा पुण्यात राहिल्यामुळे या काळात रमाबाईंना प्रथमच घर आपल्या हाताने चालवायला मिळाले. लोकहितवादी गोपाळराव देशमुखही तेव्हा नाशिकला न्यायाधीश होते. दोन्ही घरांच्या प्रयत्नाने हळदीकुंकवाचे कार्यक्रम होऊ लागले आणि त्या निमित्ताने शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आया एकत्र येऊ लागल्या. हळदीकुंकवाला कोणतीही सासू नाही म्हणू शकत नाही, हे यातील मर्म होते.

मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला युरोपीय अधिकारी सहकुटुंब आले होते. रमाबाईंनी आभाराचे भाषण वाचून दाखवले. नंतर हार घालण्याची वेळ आली. त्यांनी पाहुण्या बायकांना हार घातले, पण साहेबाला हार घालायला त्यांचा हात धजेना आणि त्यांनी ते तबक तसेच ठेवले. अखेर लोकहितवादी पुढे झाले आणि त्यांनी ते काम उरकले. घरी आल्यावर रानड्यांनी याबद्दल हसत हसत विचारले, तेव्हा रमाबाईंना राग आला.

माझे म्हणणे असे की येथे कोणी सासू नव्हती, कोणी नणंद पाहत नव्हती. हार न घालणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. सुधारणा म्हणजे पतीच्या मंडळींना जे जे शोभते ते करणे, असे त्यांनी मानले नाही. कोणती रीत सोडायची आणि कोणती राखायची हे त्या सोळाव्या-सतराव्या वर्षीच आपल्या मनाने ठरवत होत्या. त्यांच्या पुढील कार्यातही हेच दिसते. सेवासदनाने जुन्या घरांतील बायका मिळवल्या, कारण त्यांच्या अध्यक्ष मर्यादा ओळखणाऱ्या होत्या.

एवढ्यावरच थांबलो असतो, पण धुळ्याची आठवण राहते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड आणि पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना लागलेली आग, यामुळे सरकारचा संशय पुण्याच्या पुढाऱ्यांवर गेला आणि रानड्यांना धुळ्यास हलवण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात आणि बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रे येत, ती रानडे तसेच्या तसे पोलिसांकडे पाठवत. सतरा वर्षांची पत्नी घरात होती आणि दारात पाळत होती. राजकीय पुढाऱ्याच्या पत्नीचे आयुष्य म्हणतात ते हेही असते.

ओवी

गोदातीर यांनी शेवटी जे लिहिले त्यावरून मला लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई यांची आठवण झाली. त्यांच्याविषयी वेगळा धागा निघेल इतके साहित्यच नाही, म्हणून येथेच लिहिते.

त्या दापोलीजवळच्या लाडघरच्या, बाळ घराण्यातील. माहेरचे नाव तापी. लग्न १८७१ मध्ये झाले, म्हणजे रमाबाईंच्या दोन वर्षे आधी. रमाबाईंचा आणि त्यांचा संसार पुण्यातच, काही अंतरावर चालला होता. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. १९०८ मध्ये पतीला सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले, आणि ते तेथे असतानाच ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळकांना तारेने कळले. त्यांनी त्यानंतर भाच्याला लिहिलेल्या पत्रातून त्यांचे दुःख आपल्याला कळते. सत्यभामाबाईंचे दुःख कळायला त्यांच्या हातचे एक पानही आपल्याजवळ नाही.

‘स्वतः’ या शब्दाबद्दल धागाकर्तीने जे लिहिले ते मला पटले. पण सत्यभामाबाईंकडे पाहिल्यावर असे वाटते की रमाबाईंनी पतीला ‘स्वतः’ म्हटले तरी ते म्हणायला लेखणी त्यांच्या हातात होती. त्या सात अक्षरांचा हिशोब करताना हा फरक मला फार मोठा वाटतो. रानडे आणि टिळक यांच्यातील मतभेदांवर आपण शंभर वर्षे लिहीत आलो. त्यातील एका घरातील माजघर आपल्याला दिसते आणि दुसऱ्या घरातील दिसत नाही, याचे कारणही त्या मतभेदातच आहे.

सांजवात

मला १९०१ नंतरच्या रमाबाईंविषयी लिहायचे आहे, कारण माझी आजी सेवासदनात शिकली होती. चौदाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई शिक्षिका होऊन निवृत्त झाली आणि तिच्या पगारावर आमच्या वडिलांचे शिक्षण झाले. ती शिकायला गेली तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या, पण घरात त्यांचे नाव देवासारखे घेतले जाई.

पतीच्या निधनानंतर वर्षभर रमाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर त्यांनी पहिले काम हाती घेतले ते रानड्यांची धर्मपर व्याख्याने प्रसिद्ध करण्याचे. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन सुरू झाले. त्याचे वर्ग प्रथम रानड्यांच्या घरातच भरत. ज्या घरात शिकल्याबद्दल टोमणे ऐकावे लागले त्याच घरात परक्यांच्या मुली आणि सुना पुस्तके घेऊन येऊ लागल्या, हे आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलत असे.

सर्वांत कठीण काम परिचारिकांचे होते. ससून रुग्णालयात शिकण्यासाठी विधवा तरुणींना पाठवायचे, म्हणजे परक्या पुरुषांची सेवा, सर्व जातींचा स्पर्श आणि रात्रपाळी. घरोघरी जाऊन समजूत घालावी लागे. एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, आलवण (विधवांचे लाल लुगडे) नेसलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातील कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्या मुलांना उभे धरले. जिच्या अंगावर रूढीने हे रूप लादले, ती तुमच्याच घरातील बहीण असू शकते आणि तुम्ही शिकलेले म्हणवता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मोठ्याने बोलणारी बाई म्हणून त्यांची ख्याती नव्हती. त्या दिवशी त्या बोलल्या.

येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडे त्या नियमाने जात. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या बायकांना घेऊन जात आणि यात्रेकरू बायकांना मदत करीत. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा तेथेही मदतीचे काम त्यांनी केले. या कामांत भाषण कमी आणि पायपीट जास्त होती, म्हणून बहुधा ती स्मरणात कमी राहिली.

जुनेदप्तर

सांजवात यांनी लिहिलेले वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातील एक वाक्य मला मागे घ्यावेसे वाटते. शिक्षणाचा लाभ त्या मुलीला झाला हे ‘भाग्य’, असे मी म्हटले होते. १९०१ नंतर त्यांनी जे केले त्याला भाग्य म्हणता येणार नाही. रानड्यांच्या हयातीत मसुदे त्यांचे असत, पुढची तेवीस वर्षे मसुदेही बाईंचेच होते.

एक भर घालतो. १९२० मध्ये पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा पैसा पुरत नाही म्हणून आधी मुलांना लागू करावे आणि मुलींचे नंतर पाहावे, ही टिळकांची बाजू होती. रमाबाई आणि सेवासदनाच्या बायका मुलींनाही त्याच वेळी लागू व्हावे म्हणून रस्त्यावर आल्या. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावन्न. त्यानंतर मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी झालेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या आणि १९२१ मध्ये कायदेमंडळाने तो ठराव मान्य केला. येथे ‘स्वतः’ कोण होते, हे निराळे सांगायला नको.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गोदातीर यांनी सांगितलेला हाराचा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, पण त्याकडे कधी असे पाहिले नव्हते. माझ्या मांडणीत मी सर्व काही माडी आणि माजघर यांच्या ओढाताणीत बसवत होते, ते तितके बरोबर नाही हे कबूल करते. ओवी यांचे म्हणणे तर मला रात्रभर पुरले.

एका मुद्द्यावर मात्र मी पूर्वीच्याच मतावर आहे. रमाबाईंनी तेवीस वर्षांची हकीकत लिहिली नाही, याला आपण नम्रता म्हणून मोकळे होतो. मला वाटते की त्यांना लिहायला वेळच नव्हता. डिसेंबर १९०० मध्ये रानडे सामाजिक परिषदेला लाहोरला जाऊ शकले नाहीत, त्या दिवसांचे वर्णन त्यांनी किती सावकाश केले आहे पाहा. सामाजिक परिषद सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते घरी राहिले होते, डोळे भरून आले होते, आणि त्या जवळ बसून होत्या. आठवण लिहायला अशी जवळ बसून राहण्याची सवड लागते. १९०९ नंतर त्यांच्या घरात वर्ग भरत होते, ससूनला मुली पाठवायच्या होत्या, येरवड्याला जायचे होते, आषाढीला आळंदी होती.

सांजवात, आपल्या आजीच्या काळातील सेवासदनाच्या वह्या, प्रमाणपत्रे किंवा पत्रे घरात राहिली असतील, तर त्यांतील जे सांगण्यासारखे असेल ते याच धाग्यावर लिहावे, ही विनंती.